अठरा वाटा, एकच पट

बुद्धिबळाच्या पटावर पांढऱ्याने तीन चाली खेळायच्या आहेत: वजिरापुढचं प्यादं डी४ वर, त्याच्या शेजारचं सी४ वर आणि घोडा सी३ वर. काळ्याच्याही तीनच: घोडा एफ६, प्यादं ई६, प्यादं डी५. कोणत्याही क्रमाने खेळा, शेवटी पट हुबेहूब तोच दिसतो. मग असे क्रम किती? काळ्याला आपल्या तीन चाली हव्या तशा मागेपुढे करता येतात, म्हणजे सहा प्रकार. पांढऱ्याला मात्र तीनच प्रकार मिळतात, कारण घोडा आधी सी३ वर येऊन बसला तर सी२ वरच्या प्याद्याला दोन घरं पुढे जाता येत नाही. सहा गुणिले तीन, अठरा. एका पटाकडे येणाऱ्या अठरा वाटा.

ओपनिंगच्या ग्रंथांत या अठरा वाटा एका नावाखाली सापडत नाहीत. डी४ ला डी५ ने उत्तर मिळालं आणि पुढे सी४ आलं की ते क्वीन्स गॅम्बिट. डी४ ला घोडा एफ६ आला की डाव ‘इंडियन’ घराण्यात गेला. कलकत्त्याचे महेशचंद्र बॅनर्जी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरशी अशा पद्धतीने खेळत आणि त्यांच्यामुळे हे नाव रुळलं, असं मानतात. पहिलीच चाल सी४ असेल तर ते इंग्लिश ओपनिंग. तीन घराणी, तीन वेगळी प्रकरणं, कित्येकदा तीन वेगळी पुस्तकं, आणि प्रत्येकी तीन चाली झाल्यावर सगळे एकाच पटासमोर.

एखादं ओपनिंग घोटून घ्यायला सॉफ्टवेअर लावून बसलं की चकित करणारी पहिली गोष्ट हीच. आपण ओपनिंग पाठ करतो ते क्रमाने: मी हे खेळणार, मग तो ते, मग मी हे. संगणकाच्या ओपनिंग बुकात क्रम नावाची गोष्टच नसते. तिथे फक्त पट असतात आणि प्रत्येक पटासमोर एक-दोन चाली. माणूस वाट लक्षात ठेवतो, यंत्र मुक्काम. सरावाचं सॉफ्टवेअर नीट लावायचं म्हणजे या दोन प्रकारच्या आठवणींची गाठ घालून द्यायची.

सर्वांत बलवान, म्हणून सरावाला गैरसोयीचा

स्टॉकफिश हे आजच्या सर्वांत ताकदवान इंजिनांपैकी एक, आणि ते फुकट मिळतं. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाड यांच्या ग्लाउरुंग या इंजिनावरून इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनी २००८ मध्ये ते उभं केलं. फिनलंडचे योना कीस्की त्यांच्या जोडीला होते. आज ते साध्या फोनवर चालतं आणि जगज्जेत्यालाही हरवतं.

आता समजा, तुम्हाला क्वीन्स गॅम्बिटचं एक्स्चेंज व्हेरिएशन पक्कं करायचं आहे. वरच्या अठरा वाटांच्या पटावरून चौथ्या चालीला पांढरा सी४ वरच्या प्याद्याने डी५ मारतो, काळा ई६ वरच्या प्याद्याने परत मारतो आणि पांढरा उंट जी५ वर नेऊन काळ्याच्या घोड्याला जखडतो. एवढं ठरवून तुम्ही स्टॉकफिशसमोर बसता. पण त्याला तुमचा बेत कुठे माहीत? तो दुसऱ्या चालीला सी६ खेळेल, नाहीतर सरळ सी४ वरचं प्यादंच मारेल. त्याची चाल उत्तमच असते, फक्त तुम्हाला हवी ती नसते. वीस डाव खेळलात तरी तुमचा पट एकदाही न येण्याची शक्यता दांडगी.

आकडे पाहिले की हे का होतं ते समजतं. पांढऱ्याला पहिल्या चालीचे २० पर्याय असतात आणि काळ्यालाही २०, म्हणजे एकेक चाल होताच ४०० शक्यता. पांढरा दुसऱ्यांदा खेळला की ८,९०२ आणि काळ्याने उत्तर दिलं की १,९७,२८१. प्रत्येकाच्या अवघ्या दोन चालींत जवळपास दोन लाख वाटा! त्यातली एक निवडून तुम्ही तिच्याशी लग्न लावलंय. समोरच्याने मात्र तसलं काही केलेलं नाही.

याच आकड्याची दुसरी बाजूही आहे. या १,९७,२८१ वाटा मिळून पटाच्या वेगवेगळ्या स्थिती तयार होतात त्या सुमारे ७२ हजार. बाकीच्या वाटा फिरून फिरून त्याच स्थितींवर येतात. डाव पुढे सरकतो तशी ही फिरफिर वाढत जाते. ओपनिंग बुकाची सगळी करामत या फरकावर उभी आहे.

मध्ये बसलेला निरोप्या

सरावाचं सॉफ्टवेअर म्हणजे एक वस्तू नव्हे. पडद्यावर दिसणारा पट हा एक प्रोग्राम आणि विचार करणारं इंजिन हा दुसरा. मार्टिन ब्लूम यांचं अरेना, शेन हडसन यांच्या कामातून सुरू झालेलं स्किड, ही पटाची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. इंजिन कोणतंही असो, या दोघांमधलं बोलणं एका ठरावीक बोलीत चालतं. तिचं नाव यूसीआय. रुडॉल्फ ह्यूबर आणि श्रेडर या इंजिनाचे कर्ते श्टेफान मायर-कालेन यांनी ती २००० साली प्रसिद्ध केली.

हे बोलणं डोळ्यांनी वाचता येतं, कारण तो साधा मजकूर असतो. पट विचारतो, “तयार?” इंजिन म्हणतं, “तयार.” मग पट सांगतो, “सुरुवातीच्या स्थितीपासून आतापर्यंतच्या चाली या अशा,” आणि त्यापुढे पहिल्या चालीपासूनची सगळी यादी. त्यानंतर एकच शब्द, “गो”. इंजिन विचार करून उत्तर देतं, “बेस्टमूव्ह”, आणि पुढे चाल. पुढच्या चालीला यादी पुन्हा पहिल्यापासून. आपण कोणता डाव खेळतोय हे इंजिनाने लक्षात ठेवावं, अशी या बोलीत अपेक्षाच नाही. दर चालीला त्याला सगळी हकिगत नव्याने सांगितली जाते.

या रचनेमुळे मध्ये शिरायला जागा मिळते. पटाचं सॉफ्टवेअर इंजिनाला विचारण्याआधी एका फाइलमध्ये डोकावतं: समोरची स्थिती तिथे नोंदलेली आहे का? असेल तर तिथली चाल खेळली जाते आणि इंजिनाला विचारलंही जात नाही. फाइलमधली पानं संपली की मगच “गो” जातं. ही फाइल म्हणजे ओपनिंग बुक. स्टॉकफिशच्या आजच्या आवृत्तीत स्वतःचं बुक नसतं, त्यामुळे तुम्ही द्याल ते बुक त्याच्या नावावर खेळलं जातं. जगातल्या सर्वांत हट्टी खेळाडूला तुमच्या ओपनिंगमध्ये आणायचं तर त्याची समजूत घालावी लागत नाही. त्याला काही विचारायचंच नाही, एवढं पुरतं.

सोळा बाइटांची ओळ

अशा फाइलींचा सर्वाधिक चालणारा साचा पॉलिग्लॉट हा आहे. फ्रूट नावाच्या इंजिनामुळे गाजलेल्या फाब्यां लतुझे यांनी तो घडवला. या फाइलमध्ये खेळाडूंची नावं नाहीत, स्पर्धा नाहीत, ओपनिंगची नावंही नाहीत. एकसारख्या लांबीच्या ओळी एकीखाली एक रचलेल्या असतात. प्रत्येक ओळ १६ बाइटांची: आठ बाइट स्थितीची खूण, दोन बाइट चाल, दोन बाइट त्या चालीचं वजन आणि उरलेले चार पुढे काही शिकून लिहायचं झालं तर राखीव. ओळी खुणेच्या चढत्या क्रमाने लावलेल्या असतात. त्यामुळे दहा लाख ओळींच्या बुकात हवी ती स्थिती शोधायला जेमतेम वीस ठिकाणी डोकवावं लागतं: मध्यावर बघा, अर्धी फाइल सोडून द्या, उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर बघा. सारी फाइल १६ एमबीच्या आसपास.

खरी जादू त्या आठ बाइटांच्या खुणेत आहे. पटावर ६४ घरं आणि ३२ पर्यंत मोहरे, शिवाय कॅसलिंगचे हक्क आणि खेळण्याची पाळी. हे सगळं एका आकड्यात कसं मावतं? विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये सुचवलेली युक्ती इथे कामाला येते.

६४ दिव्यांची एक रांग डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक दिव्याला एक बटण. दाबलं की लागतो, पुन्हा दाबलं की विझतो. आता ‘पांढरा घोडा सी३ वर’ या गोष्टीसाठी बटणांची एक यादी कायमची ठरवून टाकायची, अगदी फासे टाकून काढावी तशी अंदाधुंद. ‘काळं प्यादं डी५ वर’ यासाठी दुसरी यादी. बारा प्रकारचे मोहरे आणि ६४ घरं, म्हणजे अशा ७६८ याद्या. कॅसलिंगच्या चार हक्कांसाठी चार, प्यादं वाटेत मारण्याच्या नियमासाठी आठ आणि खेळण्याची पाळी दाखवायला एक. एकूण ७८१. एखादी स्थिती समोर आली की तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीची यादी घेऊन बटणं दाबत जायचं. शेवटी जे दिवे लागलेले राहतील, ती त्या स्थितीची खूण.

घोडा बी१ वरून सी३ वर गेला तर सगळं पुन्हा करावं लागत नाही. ‘घोडा बी१ वर’ ही यादी पुन्हा दाबली की तिचा परिणाम पुसला जातो. ‘घोडा सी३ वर’ दाबली, पाळीची यादी दाबली, झालं. आणि बटणं कोणत्या क्रमाने दाबली याला काहीच महत्त्व नाही. एखादं बटण एकूण किती वेळा दाबलं गेलं, एवढ्यावरच दिवा लागलेला की विझलेला ते ठरतं. सुरुवातीच्या त्या अठरा वाटा इथे आपोआप एक होतात. त्यांची तुलना करणारा प्रोग्राम कुणी लिहिलेला नाही. बेरजेचा क्रम बदलला तरी बेरीज तीच, इतक्या सहजपणे अठरांची एक खूण होते.

एक बारकावा मात्र पॉलिग्लॉटने मुद्दाम सांभाळला आहे. अठरापैकी काही वाटांत शेवटची चाल डी५ ही असते, म्हणजे प्यादं नुकतंच दोन घरं पुढे आलेलं. वाटेत मारण्याचा नियम इथे लागू शकतो म्हणून त्याची यादी दाबली असती, तर घोड्याच्या चालीने संपणाऱ्या वाटांची खूण वेगळी निघाली असती. म्हणून पॉलिग्लॉट ती यादी तेव्हाच दाबतो, जेव्हा शेजारच्या घरात ते प्यादं मारायला शत्रूचं प्यादं उभं असतं. इथे तसं कुणी नाही, आणि खूण एकच राहते.

६४ दिव्यांतून सुमारे १.८ गुणिले १० चा १९ वा घात इतक्या वेगवेगळ्या खुणा निघतात. बुद्धिबळात नियमाने शक्य असलेल्या स्थितींचा जॉन ट्रॉम्प यांचा अंदाज ४.८ गुणिले १० चा ४४ वा घात एवढा आहे. म्हणजे खुणा स्थितींपेक्षा कितीतरी कमी. कुठेतरी अगणित स्थिती एकच खूण वाटून घेत असणार, हे गणितानेच ठरलेलं आहे. तरीही काही हजार ओळींच्या तुमच्या बुकात दोन स्थितींची टक्कर होण्याची शक्यता इतकी क्षुल्लक की तिची काळजी करत बसू नये.

हरलेल्या चाली कुठे गेल्या?

बुक बनवायला डाव लागतात, आणि डाव पीजीएन नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितात. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९० च्या दशकात हा साचा ठरवला. ती फाइल नोटपॅडमध्येही उघडते. पॉलिग्लॉट याच नावाच्या प्रोग्रामला ‘मेक-बुक’ अशी आज्ञा देऊन पीजीएन दाखवली की बुक तयार. सोबत दोन आकडे सांगायचे. ‘मॅक्स-प्लाय’ म्हणजे किती खोलवर जायचं. एका बाजूची एक चाल म्हणजे एक प्लाय, म्हणून दहाव्या चालीपर्यंत जायचं तर २०. ‘मिन-गेम’ म्हणजे एखादी चाल निदान किती डावांत आलेली असली तर ठेवायची. लाखो डावांची फाइल असेल तर इथे मोठा आकडा चालतो. स्वतः लिहिलेल्या पंधरा-वीस ओळींची फाइल असेल तर १ ठेवा. तिथे ३ लिहिलं तर एकदाच आलेल्या साऱ्या चाली गळून पडतात आणि हाती जवळपास रिकामं बुक येतं. आणखी एक खोच: कंसात लिहिलेल्या उपशाखा पॉलिग्लॉट वाचत नाही. प्रत्येक शाखा पहिल्या चालीपासून वेगळा डाव म्हणून लिहावी लागते.

चालीचं वजन कसं ठरतं, हा भाग सर्वांत मजेदार. ती चाल खेळणारा जिंकला तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक, हरला तर शून्य. सगळे गुण मिळून वजन. बुकातून खेळताना चाल चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली जाते, पण वजनदार चालीची चिठ्ठी अधिक वेळा निघते. म्हणून तेच बुक रोज थोडं वेगळं खेळतं.

आणि ज्या चालीने प्रत्येक डाव हरला तिचं काय? तिचं वजन शून्य, म्हणून ती बुकात उरतच नाही. ग्रँडमास्टरांच्या डावांवरून बनवलेल्या बुकात म्हणूनच समोरच्याच्या चुका सापडत नाहीत. पण तुमच्या क्लबात, तुमच्या ऑनलाइन डावांत समोर येणारी माणसं चुकतात, आणि चुकीला शिक्षा कशी द्यायची ते सरावात कधी येतच नाही. उपाय दोन. हाताने लिहिलेल्या पीजीएनमध्ये प्रत्येक डावाचा निकाल बरोबरी लिहा. मग चांगली चाल, वाईट चाल, दोघींना समान वजन मिळतं. एखादी शाखा जास्त वेळा यायला हवी असेल तर ती तीनदा लिहा. दुसरा उपाय: डाव आपल्या पातळीच्या लोकांचे घ्या. फ्रान्सच्या तिबो द्युप्लेसी यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं लिचेस आपल्याकडे खेळलेले कोट्यवधी डाव दर महिन्याला पीजीएनमध्ये सर्वांसाठी खुले करतं. त्यातून रेटिंगप्रमाणे गाळून घेतलेले डाव म्हणजे तुमच्या पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सवयींचा नकाशाच. फाइल डाउनलोड करायची नसेल तर तिथल्या ओपनिंग एक्स्प्लोररमध्येही रेटिंगची गाळणी लावून कोणत्या स्थितीत लोक काय खेळतात ते पाहता येतं.

आपल्या एक्स्चेंज व्हेरिएशनमध्ये तर शिक्षा उलट आपल्यालाच मिळू शकते. उंट जी५ वर आला आणि काळ्याने दुसरा घोडा डी७ वर आणला, की डी५ वरचं प्यादं फुकट दिसू लागतं. एफ६ वरचा घोडा वजिरासमोर जखडलेला आहे, मग आपल्या घोड्याने डी५ घ्यायला काय हरकत? घेतलं की काळा जखडलेल्या घोड्यानेच परत मारतो. तुम्ही खुशीत त्याचा वजीर खाता, आणि काळा उंट बी४ वर येऊन शह देतो. शह अडवायला वजीर डी२ वर घालण्याशिवाय दुसरी चालच नाही. हिशेब मिटतो तेव्हा एका प्याद्याच्या बदल्यात तुमचा घोडा गेलेला असतो. याला एलिफंट ट्रॅप म्हणतात. गंमत अशी की हा सापळा बहुतेक पुस्तकांत दुसऱ्या वाटेने छापलेला असतो: तिथे उंट जी५ वर आधी येतो आणि डी५ वरची मारामारी नंतर होते. ज्याने सापळा त्या वाटेने पाठ केला आहे, तो या वाटेने चालत येऊन त्यात पडू शकतो. बुक मात्र फसत नाही. त्याच्याकडे दोन्ही वाटांची एकच ओळ असते.

म्हणून बुकात घोडा डी७ ही काळ्याची चाल घालाच, आणि जरा भारी वजनाने घाला. तुमच्या ओळी योग्य आहेत की नाहीत हे आधी पूर्ण ताकदीच्या स्टॉकफिशकडून तपासून घ्या. एकदा चुकीची ओळ बुकात गेली की यंत्र ती इमानेइतबारे शेकडो वेळा खेळत राहतं.

एक चाल आधी

मग क्रमाला काहीच किंमत नाही का? ११ मे १९९७ चा डाव याचं उत्तर देतो. न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या डीप ब्लूविरुद्ध गॅरी कास्पारोव्ह सहावा आणि शेवटचा डाव खेळत होते. काळे मोहरे, कारो-कान बचाव. सातव्या चालीला त्यांनी एच६ खेळून जी५ वरच्या घोड्याला हुसकावलं. एरवी या प्रकारात उंट आधी डी६ वर आणतात आणि मग हीच चाल करतात. कास्पारोव्ह यांनी ती एक चाल आधी केली. डीप ब्लूने मागे न जाता घोडा ई६ वर बळी दिला, आणि एकोणिसाव्या चालीला जगज्जेत्याने डाव सोडला.

ई६ वरचा तो बळी यंत्राने तिथे बसून शोधला नव्हता, तो बुकातून आला होता. डीप ब्लूचं हाताने रचलेलं बुक सुमारे चार हजार स्थितींचं होतं, आणि त्यामागे सात लाख डावांवरून काढलेला आणखी एक साठा होता. ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन यांच्यासह निक डी फर्मियन, जॉन फेडोरोविच आणि मिगेल इलेस्कास यांनी ओपनिंगचं काम पाहिलं. ही ओळ त्याच दिवशी सकाळी बुकात घातली होती, असं इलेस्कास यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं.

दिव्यांच्या भाषेत पाहिलं तर यात विरोधाभास नाही. वाटेवरचा प्रत्येक थांबा हीदेखील एक स्थितीच असते. उंट डी६ वर असलेला पट आणि नसलेला पट, दोन्हींची खूण वेगळी, दोन्हींसमोरची चाल वेगळी. क्रमाचं महत्त्व बुकात आहे, पण क्रम म्हणून नोंदलेलं नाही. मधल्या प्रत्येक स्थितीत ते साठवलेलं आहे.

माणसाच्या डोक्यात काय राहतं

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खेळाडूंना खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला आणि मग तो आठवून मांडायला सांगितला. चोवीस-पंचवीस मोहऱ्यांपैकी मास्टरने सुमारे १६ बरोबर मांडले, नवख्याने सुमारे ४. मग तेच मोहरे पटावर वाटेल तसे विखरून दाखवले, तर मास्टर आणि नवखा यांच्यातला फरक जवळजवळ नाहीसा झाला. मास्टरची स्मरणशक्ती अफाट नसते. त्याला मोहरे गटागटाने दिसतात आणि प्रत्येक गटाला त्याच्या लेखी अर्थ असतो.

म्हणजे माणसालाही मुक्काम लक्षात राहू शकतो, फक्त तो अर्थाच्या आधाराने. आपल्या एक्स्चेंज व्हेरिएशनमधून प्याद्यांची जी रचना तयार होते, तिला कार्ल्सबाड रचना म्हणतात. पांढऱ्याला सी रांग अर्धी मोकळी, काळ्याला ई रांग. वजिराच्या बाजूला पांढऱ्याची दोन प्यादी आणि काळ्याची तीन. पांढरा आपली दोन प्यादी त्या तिघांवर ढकलतो. बी प्यादं बी५ पर्यंत नेऊन सी६ वर मारामारी करतो, आणि काळ्याच्या गळ्यात सी६ वरचं एक कमकुवत प्यादं अडकवतो. अल्पसंख्यांचा हा हल्ला ज्याला समजला, त्याला उंट कोणत्या चालीला जी५ वर आला हे आठवावं लागत नाही. ती चाल का हवी, हे पटच सांगतो.

पाठांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये ही जाणीव हरवू शकते. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइट्नर यांनी १९७२ च्या पुस्तकात कार्डांच्या खोक्यांची पद्धत लोकप्रिय केली: उत्तर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात आणि उजळणी उशिरा, चुकलं की पहिल्या खोक्यात आणि उजळणी लगेच. डेव्हिड क्रॅमली आणि जॉन बार्थोलोम्यू यांनी सुरू केलेलं चेसेबल याच तत्त्वावर ओपनिंग घोटून घेतं, आणि पद्धत कामाची आहेच. पण दर वेळी पहिल्या चालीपासून त्याच वाटेने गेलात, तर पक्की होते ती वाट. म्हणून मधूनच एखाद्या स्थितीवर थेट उतरा. यासाठी एफईएन नावाची एका ओळीची नोंद असते: पटाच्या रांगा वरून खाली, मोहऱ्यांसाठी अक्षरं आणि रिकाम्या घरांसाठी आकडे. तिचं मूळ एकोणिसाव्या शतकातले स्कॉटिश पत्रकार डेव्हिड फोर्साइथ यांच्याकडे जातं. ती ओळ सॉफ्टवेअरमध्ये चिकटवली की सातव्या चालीचा पट समोर येतो, मागचा इतिहास वगळून. चाल सुचली नाही, तर तुम्हाला फक्त क्रम आठवत होता.

बुक संपल्यावर

बुकाच्या शेवटच्या ओळीनंतर पूर्ण ताकदीचा स्टॉकफिश समोर आला तर सराव तिथेच बारगळतो. त्याची ताकद कमी करता येते. ‘स्किल लेव्हल’ ० ते २० पर्यंत असते. ती उतरवली की इंजिन निदान चार चाली तोलून पाहतं आणि अधूनमधून जाणूनबुजून कमी प्रतीची उचलतं. बुकावर मात्र याचा परिणाम होत नाही, कारण बुक इंजिनाच्या आधीच उत्तर देतं. त्यामुळे एक विलक्षण प्रतिस्पर्धी तयार होतो: पहिल्या दहा चाली ग्रँडमास्टरच्या आणि अकराव्यापासून पुढे गल्लीतल्या खेळाडूच्या. एरवी असा माणूस भेटणं कठीण. पण ओपनिंगमधून मिळालेला थोडासा फायदा जिंकण्यापर्यंत नेण्याच्या सरावाला त्याच्याइतका योग्य जोडीदार नाही.

बुक फार खोल नेऊ नका. आठ-दहा चालींवर थांबवलं की पुढचं तुम्हाला स्वतः शोधावं लागतं. मग जिथे अडलात त्या जागची चाल इंजिनाला विचारून पीजीएनमध्ये एक नवा डाव म्हणून लिहा आणि बुक नव्याने बांधा. त्याला काही सेकंद लागतात. काही महिन्यांनी ते बुक जगातल्या कोणत्याही छापील पुस्तकासारखं नसेल, कारण त्याची प्रत्येक ओळ तुमच्या एखाद्या अडखळण्यावरून आलेली असेल.

आणि एवढ्या खटपटीतून एक गोष्ट न मागता मिळते. बुकाला बाजू ठाऊक नसते. त्यातल्या साधारण अर्ध्या ओळी पांढऱ्याची पाळी असलेल्या पटांच्या असतात, उरलेल्या काळ्याची पाळी असलेल्या पटांच्या. पांढऱ्याने पन्नास डाव खेळून झाले की तीच फाइल ठेवा, पट फिरवा आणि काळे मोहरे घ्या. आता अल्पसंख्यांचा हल्ला तुमच्यावर येईल, सी६ वरचं प्यादं तुम्हाला सांभाळावं लागेल, आणि घोडा डी७ वर नेऊन सापळा लावायची पाळी तुमची असेल. ज्या चालींची तुम्हाला पांढऱ्याने खेळताना धास्ती वाटायची, त्या काळ्याला खेळायला खरोखर किती सोप्या किंवा अवघड आहेत, हे असं समोरच्या खुर्चीत बसल्यावरच कळतं.